चाळीस मीटरवरचा शेजारधर्म: निरनिराळ्या मोडच्या हॅमनी एकच बँड कसा वाटून घ्यावा

भारतात हॅमना, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्यांना, चाळीस मीटरचा बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) मिळतो तो ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, म्हणजे अवघे दोनशे किलोहर्ट्झ. एसएसबी या बोलायच्या मोडवरचा (मोड म्हणजे सिग्नल पाठवायची पद्धत) एक आवाज साधारण २.७ किलोहर्ट्झ जागा धरतो. सगळा बँड फक्त बोलणाऱ्यांना दिला आणि त्यांना खांद्याला खांदा लावून बसवलं, तरी पाऊणशे स्टेशनंसुद्धा मावायची नाहीत. प्रत्यक्षात त्याच पट्ट्यात मोर्सवाले आहेत, संगणकाने छोटे निरोप पाठवणारे एफटी८वाले आहेत, चित्रं पाठवणारे आहेत. अंधार पडला की त्यात परदेशातली स्टेशनं येऊन मिसळतात.

एकाच मोडमधल्या दोघांची टक्कर झाली तर ती चटकन मिटते. "ओएम, इथे क्यूएसओ चालू आहे, जरा वर सरकता का?" एवढं म्हटलं की काम होतं (ओएम म्हणजे दोस्त, क्यूएसओ म्हणजे चालू असलेला संपर्क). निरनिराळ्या मोडचे दोघे एकमेकांवर आले की मात्र बोलायची सोयच उरत नाही. बोलणाऱ्याला एफटी८ म्हणजे नुसती शिट्टी, आणि एफटी८वाल्याला माणसाचा आवाज म्हणजे वॉटरफॉलवर (संगणकाच्या पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रावर) उमटलेला रंगीत डाग. "इथे मी आहे" हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मिश्र मोडच्या बँडवर जी काही काळजी घ्यायची ती पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायच्या आधी घ्यावी लागते. ज्यांच्या हाती नुकताच व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (हॅमचं रेडिओवरचं नाव) आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख त्या आधीच्या दोन-तीन मिनिटांबद्दल आहे.

पायरी पहिली: डायलवरचा आकडा म्हणजे तुमचा सिग्नल नव्हे

हे आधी घेतो, कारण माझ्या मते निम्मी भांडणं इथेच जन्माला येतात. एसएसबीमध्ये डायल दाखवतो ती दाबून टाकलेल्या कॅरिअरची, म्हणजे मूळ लहरीची, जागा. आवाज तिथे नसतोच. १० मेगाहर्ट्झच्या खाली प्रथेने लोअर साइडबँड वापरतात, तेव्हा आवाज डायलच्या खाली पडतो. वरच्या बँडांवर अपर साइडबँड असतो, तेव्हा तो डायलच्या वर पडतो. आवाजाचा पट्टा साधारण ३०० पासून २७०० हर्ट्झपर्यंत. म्हणजे चाळीस मीटरवर रिग (रेडिओ संच) ७०६० दाखवत असेल, तर तुम्ही खरोखर ७०५७.३ ते ७०५९.७ या जागेत बोलत आहात.

डेटा मोडवाले मात्र बहुतेक सगळ्याच बँडांवर अपर साइडबँड ठेवतात. चाळीस मीटरवर एफटी८ची डायल ७०७४ ला असते आणि प्रत्यक्ष सिग्नल ७०७४.२ पासून ७०७७ पर्यंत पसरलेले असतात. आता हिशेब करून पाहा. लोअर साइडबँडवर ७०७४ ला बोलणारा ७०७१.३ ते ७०७३.७ मध्ये असतो. डायलचा आकडा तोच, पण तो एफटी८वर पडत नाही, जेमतेम काठावर असतो. आणि "मी तर तीन किलोहर्ट्झ लांब आहे" अशा समजुतीने ७०७७ ला बसलेला माणूस मात्र सगळ्या एफटी८च्या बरोबर डोक्यावर असतो. वरच्या अंगाने सुटका हवी तर डायल किमान ७०८० ला न्यावी लागते. ७०७८ ला जेएस८कॉल या दुसऱ्या डेटा मोडची वस्ती असते, ती धरली तर ७०८४ च्या वर गेलेलं बरं.

असाच दुसरा सापळा एफटी४ या डेटा मोडचा. त्याची डायल ७०४७.५, आणि सिग्नल ७०५० च्या जरा पुढेपर्यंत. ७०५० हा आकडा गोल दिसतो म्हणून तिथे कॉल देणाऱ्याचा आवाज ७०४७.३ ते ७०४९.७ मध्ये पडतो, म्हणजे थेट एफटी४च्या पट्ट्यात.

वीस मीटरवर गेलात की १४१०० जपा. तिथे जगभरातली अठरा बीकन, म्हणजे आपोआप खुणेचा सिग्नल देणारी, स्टेशनं एकामागून एक बोलतात. प्रत्येकाला दहा सेकंद, असा तीन मिनिटांचा फेरा. आपला कॉलसाइन मोर्समध्ये, मग एकेका सेकंदाचे चार डॅश: पहिला १०० वॉटचा, मग १०, मग १, शेवटचा ०.१ वॉटचा. आपल्या जवळचं बीकन श्रीलंकेतलं ४एस७बी. त्याचा कितवा डॅश ऐकू येतो यावरून लहरी कशा पोहोचताहेत हे घरबसल्या कळतं. १४०९८ वर डायल ठेवून अपर साइडबँडवर बोललात तर तुमचा आवाज १४०९८.३ ते १४१००.७ इतका, म्हणजे ही सगळी साखळी तुमच्याखाली गाडली गेली. बीकनला कान नाहीत, ते तुमची विनंती ऐकून सरकू शकत नाही. शिवाय १४०९७ च्या अवतीभवती डब्ल्यूएसपीआर या डेटा मोडचे अतिशय मंद सिग्नल असतात. १४१०१ च्या खाली बोलायला जाऊच नका.

बँडच्या कडाही याच हिशेबाने सांभाळायच्या. १४३४८ वर डायल ठेवली तर आवाजाचा वरचा भाग १४३५० ओलांडून बँडच्या बाहेर जातो. मग तो शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही, लायसन्सचा होतो.

पायरी दुसरी: कोण कुठे राहतं ते माहीत करून घ्या

आपल्या लायसन्सने बँड, पॉवर आणि प्रक्षेपणाचे प्रकार ठरतात. बँडच्या आत मोर्स कुठे, आवाज कुठे, डेटा कुठे, ही वाटणी आयएआरयू या हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या विभागाच्या, म्हणजे आपल्या विभागाच्या, बँड प्लॅनने होते. तो प्लॅन संमतीने पाळायचा असतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे चाळीस मीटरवर आवाजाला ७१२५ पासून वरच परवानगी आहे आणि ती कायद्यानेच. त्यामुळे ७०७४ वर डेटा आला तेव्हा अमेरिकेतल्या बोलणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही. आपल्याकडे आणि युरोपात लागली.

याला इतिहास आहे. आपल्या भागात ७१०० ते ७२०० हा पट्टा पूर्वी नभोवाणी प्रसारकांकडे होता. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने तो हॅमसाठी मोकळा करायचं ठरवलं आणि २९ मार्च २००९ पासून तो निर्णय अमलात आला. तोपर्यंत सगळे जण शंभर किलोहर्ट्झमध्ये दाटीवाटीने बसत. ७०४० ते ७१०० मध्ये गप्पा मारायची सवय त्या काळातली आहे. मग २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी एफटी८ आणलं आणि ते नेमकं त्याच वस्तीत उतरलं. जुने हॅम "हे कुठून आले आमच्या जागेत?" म्हणतात तेव्हा त्या म्हणण्याला आधार आहे, हे नव्यांनी समजून घ्यावं. पण आज आपल्यालाही ७२०० पर्यंत मुभा आहे. गप्पांसाठी बसायचं असेल तर ७१०० च्या वर जा, असंच मी प्रत्येक नव्या हॅमला सांगतो. तिथे आवाज रुंद पसरला तरी मोर्सवाल्याला किंवा डेटावाल्याला त्याचा त्रास होण्याची शक्यता फार कमी. फक्त ७११० हे आपल्या विभागातलं आणीबाणीच्या संपर्काचं केंद्र आहे, ते शक्य तेवढं मोकळं ठेवावं.

बाकीचा नकाशा थोडक्यात. बँडचा तळ, ७००० पासून साधारण ७०३० पर्यंत, मोर्सचा. ७०३० च्या आसपास पाच वॉट किंवा त्याहून कमी पॉवरवर काम करणारे क्यूआरपीवाले असतात. तिथे शंभर वॉटने कॉल देणं बरं दिसत नाही. वीस मीटरवर एफटी८ची डायल १४०७४, चित्रांसाठी १४२३०, आणीबाणीसाठी १४३००. हे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून रिगच्या बाजूला चिकटवा. मोबाइलमध्ये ठेवलेला तक्ता ऐनवेळी उघडला जात नाही.

आता रुंदी. मोर्स दीडेकशे हर्ट्झ, एफटी८ पन्नास हर्ट्झ, मजकूर पाठवायच्या मोडपैकी पीएसके३१ पन्नास-साठ, आरटीटीवाय तीनेकशे. चित्रांचा एसएसटीव्ही आवाजाइतकाच रुंद. एएम सुमारे सहा किलोहर्ट्झ. म्हणजे तुम्ही एकटे जेवढ्या जागेत "नमस्कार" म्हणता तेवढ्यात एफटी८ची पन्नास स्टेशनं काम करत असतात. बोलणाऱ्यावर जास्त जबाबदारी आहे असं मी म्हणतो ते यामुळेच. तो चुकला तर एकाच वेळी अनेकांचं काम बंद पडतं.

ओळखायचे कसे? मोर्स कळतोच. आरटीटीवाय म्हणजे दोन सुरांमधली झपाट्याची फेक, थरथरत्या गुरगुरीसारखी. पीएसके३१ बारीक, कापरा, एकाच सुरात गुणगुणणारा. एफटी८मध्ये आठ सूर सावकाश वरखाली होतात. तो घड्याळाच्या पंधराव्या, तिसाव्या, पंचेचाळिसाव्या सेकंदाला आणि मिनिटाच्या ठोक्यावर सुरू होतो आणि तेरा सेकंदांच्या आत थांबतो. ही लय कानात बसली की पुन्हा चुकत नाही. एसएसटीव्हीत दर ओळीला एक ठोका असलेली किरकिर असते. मार्टिन १ प्रकारचं एक चित्र जवळजवळ दोन मिनिटं चालतं. ती किरकिर म्हणजे बँडवरचा आवाज समजून कुणी मध्येच बोललं, की समोरच्याच्या चित्रावर आडवा पट्टा उमटतो.

पायरी तिसरी: कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा

डेटावाल्यांची एक सवय मला खटकते. संगणक जोडला की ते रिगचा आवाज पूर्ण बंद करतात. मग पडद्यावर डीकोड झालेल्या ओळी दिसतात आणि जे डीकोड होत नाही ते अस्तित्वातच नाही असं धरलं जातं. स्पीकर अगदी हळू का होईना, चालू ठेवा. वॉटरफॉलवर दोन-अडीच किलोहर्ट्झ रुंदीचा ढगाळ डाग दिसला तर तो बहुधा माणसाचा आवाज असतो. कान दिलात तर तो कोणत्या भाषेत बोलतोय तेही कळेल.

बोलणाऱ्यांनी याच्या उलट करायचं. आजकालच्या बऱ्याच रिगवर स्पेक्ट्रम पडदा असतो, जुन्या रिगला स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) जोडता येतो. आपण जिथे बोलणार तो पट्टा पडद्यावर पाहा. बारीक उभ्या रेघा दिसत असतील तर तिथे कुणीतरी आहे, मग कानाला तो नुसता खरखराट वाटो. मोर्सवाल्यांसाठीही एक सूचना: ५०० हर्ट्झचा फिल्टर लावून बसलात तर शेजारी चाललेलं बोलणं ऐकूच येत नाही. कॉल द्यायच्या आधी फिल्टर पूर्ण रुंद करून एकदा ऐका.

किती वेळ ऐकायचं? आवाजासाठी मिनिटभर तरी. एफटी८साठी कमीत कमी दोन फेरे, म्हणजे अर्धं मिनिट, कारण निम्मी स्टेशनं एका फेरीत बोलतात आणि निम्मी दुसऱ्या. डब्ल्यूएसपीआरचं एक प्रक्षेपण दोन मिनिटांच्या खिडकीत चालतं, त्यामुळे त्याच्या पट्ट्यात घाई उपयोगाची नाही.

आणि शांतता म्हणजे रिकामी जागा असं समजू नका. दिवसा चाळीस मीटरवर साध्या डायपोल अँटेनाने मुंबईहून पुणे, नाशिक, नागपूर सगळं ऐकू येतं, कारण लहरी जवळजवळ उभ्या वर जाऊन आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात. अंधार पडला की तो थर विरळ होतो, जवळची स्टेशनं लुप्त होतात आणि दूरची जोरात येतात. अशा वेळी पुण्यातला हॅम दिल्लीला बोलत असेल आणि तुम्ही नाशिकला असाल, तर पुण्याचा एक शब्दही तुम्हाला ऐकू येणार नाही. दिल्लीवाला ऐकण्याच्या पाळीत असेल तेव्हा फ्रिक्वेन्सी तुम्हाला पूर्ण मोकळी वाटेल. म्हणून नुसतं ऐकणं पुरत नाही.

पायरी चौथी: विचारा

आवाजावर असाल तर आपला कॉलसाइन सांगून "फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?" असं विचारा. बँडवर सगळेच मराठी नसतात, तेव्हा "इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?" हे जास्त चालतं. विचारून पाच-दहा सेकंद थांबा, परत विचारा, परत थांबा. "कॉलिंग सीक्यू, सीक्यू" ही सगळ्यांना मारलेली हाक आहे, तो प्रश्न नव्हे.

मोर्सवर हाच प्रश्न "क्यूआरएल?" असा पाठवतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे खालच्या वर्गाच्या लायसन्सच्या, परीक्षेत मोर्स नसतो, त्यामुळे अनेकांना तो कळत नाही. पण एवढी एक धून प्रत्येकाने कानात साठवावी: डा-डा-डि-डा, डि-डा-डि, डि-डा-डि-डि, आणि प्रश्नचिन्ह डि-डि-डा-डा-डि-डि. तुम्ही बोलत असताना ही धून आली, तर कुणीतरी अदबीने विचारतंय. लगेच "येस, फ्रिक्वेन्सी इन यूज, थँक यू" म्हणा. मोर्सवाला फिल्टर उघडून बसला असेल तर त्याला ते कळेल. मोर्सची की (बटण) रिगला जोडलेली असेल तर नुसता आर, म्हणजे डि-डा-डि, पाठवला तरी पुरे. तो ऐकणारा सरकतोच.

डेटा मोडच्या ठरलेल्या जागी असं विचारायची पद्धत नाही. तिथे वॉटरफॉलवर मोकळी फट शोधून बसायचं. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे एफटी८चं सॉफ्टवेअर वापरत असाल तर "होल्ड टीएक्स फ्रिक्वेन्सी" वर खूण करा. सीक्यू देणाऱ्याला उत्तर द्यायला त्याच्याच सुरावर जायची गरज नसते. सगळे तिथेच गेले तर कुणाचंच डीकोड होत नाही. आपण बोलत असतो त्या फेरीत आपल्याला काहीच ऐकू येत नसतं, हेही लक्षात ठेवा. आपली फट अजून मोकळी आहे ना, हे पाहायला अधूनमधून एक फेरी सोडा.

चित्र पाठवायचं असेल तर आधी आवाजात विचारा आणि मगच पाठवा. विनलिंकसारख्या, रेडिओवरून ईमेल पाठवायच्या जोडणीत जागा व्यस्त आहे की नाही हे तपासणारी सोय असते, ती बंद करू नका. आणि ती चालू असली तरी जोडणीचं बटण दाबायच्या आधी स्वतः ऐका. पलीकडचं स्वयंचलित स्टेशन ऐकण्याची तसदी घेत नाही, आणि त्याला जिथे ऐकू येतं तिथे तुमच्या आजूबाजूचे लोक ऐकू येतातच असं नाही. तुमच्या हाकेवर ते उठणार असेल तर त्याच्या वतीने ऐकणं तुमच्याकडे आलं.

अँटेना ट्यूनर जुळवण्याबद्दल दोन शब्द. कुणाच्या तरी क्यूएसओवर लांबलचक शिट्टी सोडणं ही बँडवरची सर्वांत जास्त दिसणारी बेपर्वाई आहे. ती तीनही मोडचे लोक करतात. काही किलोहर्ट्झ बाजूला जा, विचारा, पॉवर पाच-दहा वॉटवर आणा, मग ट्यून करा. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा भार) असेल तर रिगची तपासणी त्यावरच करा.

पायरी पाचवी: सिग्नल स्वच्छ ठेवा

विचारून, मोकळी जागा घेऊन बसलात आणि सिग्नल ठरल्यापेक्षा दुप्पट रुंद गेला तर वरची सगळी मेहनत पाण्यात. आवाजावर माइक गेन आणि कॉम्प्रेसर जास्त ठेवले की बाजूला चुरचूर उडते, ती चार-पाच किलोहर्ट्झपर्यंत ऐकू जाते. गावातल्याच एखाद्या हॅमला विचारा, "माझ्या वर-खाली तीन किलोहर्ट्झवर जाऊन ऐका आणि काय ऐकू येतं ते सांगा." मीटरपेक्षा हा अहवाल खरा.

डेटामध्ये दोष संगणकाच्या ऑडिओचा असतो. आवाजाची पातळी इतकीच ठेवा की एएलसीचा (जास्तीचा ऑडिओ दाबणाऱ्या रिगमधल्या यंत्रणेचा) काटा हलू नये किंवा जेमतेम हलावा. ऑडिओ जास्त झाला तर त्याचे गुणाकार तयार होतात. ५०० हर्ट्झचा सूर पाठवताना १०००, १५०० आणि २००० वरही तुमचीच भुतं दिसतात, आणि ती तीन वेगळ्या लोकांच्या जागेवर बसतात. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये "स्प्लिट ऑपरेशन" या सोयीत "रिग" किंवा "फेक इट" निवडलं की सूर १५०० ते २००० हर्ट्झमध्येच राहतो. मग त्याचे गुणाकार ३००० च्या वर पडतात आणि रिगचा फिल्टर ते कापून टाकतो. हे एकदाच करायचं काम आहे, पहिल्याच दिवशी करून टाका. संगणकाचे सूचनांचे आवाजही त्याच दिवशी बंद करा, नाहीतर ईमेल आल्याची टिंग बँडभर जाते.

पॉवर लागेल तेवढीच. एफटी८ उणे वीस डेसिबलपर्यंतचे सिग्नल डीकोड करतं, त्यामुळे वीस-तीस वॉट आणि बऱ्यापैकी डायपोल असेल तर बहुतेक दिवशी काम होतं. शंभर वॉटने शेजारच्या इमारतीतल्या हॅमचा रिसीव्हर बधिर होतो, आणि तो तुम्ही कुठल्याही मोडवर असलात तरी होतो. मुंबई-पुण्यासारख्या दाट शहरांत एकाच कॉलनीत दोन हॅम असतील तर त्यांनी फोनवर बोलून वेळा आणि बँड वाटून घ्यावेत. वेगळे मोड घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही.

तरीही टक्कर झालीच तर

आधी धरून चाला की समोरच्याला तुम्ही ऐकू येत नाही. बहुतेक वेळा तेच खरं असतं. बोलणाऱ्यावर मोर्स आला तर थोडं थांबा, तो पाच-सात मिनिटांत जाईल किंवा बँड बदलेल. शक्य असेल तर तुम्हीच दोन-तीन किलोहर्ट्झ सरका. "आधी आम्ही होतो" हे खरं असलं तरी पलीकडे ते कळवायचा मार्ग नसेल तर त्यासाठी संध्याकाळ घालवू नये. सरकताना क्यूएसओतल्या सगळ्यांना स्पष्ट सांगा (क्यूआरएम म्हणजे व्यत्यय): "क्यूआरएम आहे, आपण तीन वर जाऊ, ७१३८." मग नव्या जागेवर परत ऐकून, परत विचारून बसा. ही दुसरी खेप लोक गाळतात आणि तिसऱ्याच कुणावर जाऊन पडतात.

आवाजात कुणी तुम्हाला "फ्रिक्वेन्सी इन यूज" म्हटलं तर वाद घालू नका. "सॉरी ओएम, क्यूएसवाय करतो, ७३" म्हणा आणि निघा (क्यूएसवाय म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणं, ७३ म्हणजे शुभेच्छा). तो खरंच तिथे होता का, याची चौकशी करू नका.

रोज ठरल्या वेळी चालणाऱ्या नेटबद्दल, म्हणजे हॅमच्या रेडिओवरच्या बैठकीबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. कुठलीच फ्रिक्वेन्सी कुठल्याच नेटच्या मालकीची नसते. नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्याने, वेळेआधी पाच मिनिटं येऊन विचारावं, आणि तिथे कुणी असेल तर आपलं नेट पाच किलोहर्ट्झ बाजूला भरवावं. पण ज्या फ्रिक्वेन्सीवर वयोवृद्ध हॅम दररोज एकमेकांची खुशाली घेतात, तिथे ऐन त्या वेळी सीक्यू देत बसण्यापेक्षा अर्धा तास दुसरीकडे जाणं नव्या हॅमला सहज जमतं. दोन्ही बाजूंनी असं वागलं की भांडणाला जागाच राहत नाही.

कुणी मुद्दाम शिट्टी मारत असेल, गाणी लावत असेल, तर त्याचा उल्लेखही बँडवर करू नका. त्याला तेच हवं असतं. आणि कुणाच्या चुकीबद्दल बँडवर सगळ्यांसमोर धडे देऊ नका. मोठ्या माणसाला तर नाहीच. नंतर फोन करून "काका, काल तुमचा आवाज एफटी८वर पडत होता, डायल ७०८४ च्या वर ठेवलीत तर बरं होईल" असं सांगितलं की ते ऐकतात.

स्पर्धा, पाइलअप आणि आणीबाणी

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइडची आवाजाची स्पर्धा असते, नोव्हेंबरच्या शेवटी मोर्सची. त्या ४८ तासांत चाळीस आणि वीस मीटर ओसंडून वाहतात. गप्पा मारायच्या असतील तर १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या बँडांवर जा. तिथे स्पर्धा न भरवण्याचा संकेत जगभर पाळला जातो. स्पर्धकांनीही गर्दीच्या नावाखाली डेटाच्या पट्ट्यात किंवा बीकनवर जाऊ नये.

लक्षद्वीप किंवा अंदमानहून हॅमची मोहीम निघाली की पाइलअप होतो, म्हणजे त्या एका स्टेशनला अनेक जण एकदम हाका मारतात. ते स्टेशन "अप फाइव्ह" म्हणत असेल तर पाच किलोहर्ट्झ वर कॉल द्या, त्याच्या स्वतःच्या जागेवर नव्हे. आणि तुम्ही वर जिथे कॉल देताय तिथे आधीपासून कुणी दुसऱ्या मोडवर बसलंय का, हे तिथेही ऐकावं लागतं. एफटी८मध्ये मोहिमांसाठी फॉक्स आणि हाउंड अशी वेगळी पद्धत आहे. ती ७०७४ किंवा १४०७४ सारख्या रोजच्या जागांवर वापरायची नसते.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओचा चमू भारती प्रसाद यांच्यासोबत पोर्ट ब्लेअरला होता. जगभरातले हॅम अंदमानचा संपर्क मिळवायला रांगेत होते. त्या दिवशी ती मोहीम थांबली आणि तेच रिग निरोप पोहोचवायला लागलं. तुम्हाला बँडवर "इमर्जन्सी ट्रॅफिक" असे शब्द ऐकू आले, तर मोड कुठलाही असो, ट्रान्समिट करणं ताबडतोब थांबवा, लिहून घ्या, आणि नेट कंट्रोलने बोलावल्याशिवाय मध्ये पडू नका. मदतीच्या उत्साहात पाच जण एकदम बोलले की मूळ निरोपच हरवतो.

दोन मीटर आणि उपग्रह

नवे हॅम बहुधा हँडहेल्डने सुरुवात करतात, म्हणून हेही सांगतो. दोन मीटरवर एफएममध्ये दोन सिग्नल एकत्र आले की जोरदार तेवढा ऐकू येतो, कमजोर पूर्ण गायब होतो. म्हणजे तुम्ही कुणावर तरी चढलात हे तुम्हाला कळतच नाही. रिपीटरवर (आलेला सिग्नल जोरात पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनवर) दर बोलण्यानंतर दोन सेकंद मोकळे सोडा. डोंगरावर चढलेला एखादा ट्रेकर कमी बॅटरीवर शिरायचा प्रयत्न करत असेल, त्याला तेवढीच संधी असते.

१४५.८ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे उपग्रहांचे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज आणि चित्रं १४५.८०० वर येतात. शाळेतली मुलं तिथल्या अंतराळवीराशी बोलतात ती दहाएक मिनिटांची खिडकी असते. त्या वेळी जवळपास कुणी त्याच फ्रिक्वेन्सीवर एफएमवर गप्पा मारत असेल तर मुलांना काहीच ऐकू येत नाही. हँडहेल्डमध्ये हे दोन्ही पट्टे ट्रान्समिटसाठी बंद करून ठेवा.

इस्रोने ५ मे २००५ ला सोडलेल्या हॅमसॅटवर लिनिअर ट्रान्सपॉन्डर (आलेला सगळा पट्टा तसाच परत पाठवणारं यंत्र) होता. अशा उपग्रहावर मोर्स आणि एसएसबी एकाच वेळी चालतात, आणि उपग्रहाची पॉवर सगळ्यांत वाटली जाते. एक जण जोरात आला की बाकीचे सगळे मंद होतात. एफएम तर त्यावर चालवायचंच नसतं. आता भारतातून २५.९ अंश पूर्वेचा क्यूओ-१०० हा भूस्थिर उपग्रह दिसतो. त्याचा नियम मोजता येण्यासारखा आहे: तुमचा परत आलेला सिग्नल बीकनपेक्षा जोरदार असता कामा नये. ट्रान्समिट करताना वॉटरफॉलवर आपली रेघ आणि बीकनची रेघ शेजारी शेजारी पाहा, आणि आपली वर गेली की लगेच पॉवर उतरवा. नाही उतरवली तर जमिनीवरच्या केंद्रातली यंत्रणा तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर भोंगा वाजवते आणि तो उपग्रहाच्या टप्प्यातले सगळे हॅम ऐकतात.